कॉफीने ॲडेनोसिन धुतलं जात नाही

परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतोय: "ॲडेनोसिन म्हणजे मेंदूत साचणारा थकव्याचा कचरा. कॉफी तो धुऊन काढते. भरपूर कॉफी घेतली की झोपेची गरजच कमी होते." तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि तिसऱ्याने मुलांचं नुकसान होतं.

आधी कचऱ्याचं बघू. पेशी ऊर्जेसाठी एटीपी वापरतात आणि त्याच्या विघटनातून ॲडेनोसिन तयार होतं, इथवर खरं. पण शरीर त्याचा निरोपासारखा उपयोग करतं आणि तो घ्यायला पेशींवर चार रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारी प्रथिनं, आहेत: ए1, ए2ए, ए2बी आणि ए3. प्रत्येकाची प्रथिनसाखळी पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाते. ए1 आणि ए3 मुख्यतः पेशीच्या आत निरोप पुढे नेणारा रेणू, सायक्लिक एएमपी, कमी करतात, दोन्ही ए2 तो वाढवतात. म्हणजे रेणू एकच, पण परिणाम कोणता रिसेप्टर कुठे आहे त्यावर ठरतो. ए2बी तर ॲडेनोसिन खूप वाढल्याशिवाय हलतच नाही. ऑक्सिजन तुटला किंवा इजा झाली की ती वेळ येते.

या निरोपाचा जोर इमर्जन्सी विभागात दिसतो. एसव्हीटी नावाच्या विकारात ठोके बेफाम पळू लागले की 6 मिलिग्रॅम ॲडेनोसिन शिरेतून झटक्यात देतात आणि लगेच मागून सलाइन ढकलतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे ठोक्याचा संदेश नेणाऱ्या एव्ही नोडवरचे ए1 रिसेप्टर चेततात. मॉनिटरवरची रेघ काही सेकंद सपाट होऊ शकते, रुग्णाला छाती दाबल्यासारखी वाटते, आणि बहुतेकदा ठोके लयीत परततात. औषध रक्तात 10 सेकंदही धड टिकत नाही, कारण पेशी ते भराभर आत ओढून घेतात. याला कचरा कसं म्हणायचं?

धुण्याचा मुद्दा लवकर मिटतो. कॅफिन ए1 आणि ए2एच्या खाचेत बसून फक्त जागा अडवतं. ॲडेनोसिन बाहेर तसंच राहतं. ए2ए नसलेल्या उंदरांना कॅफिन दिलं तर त्यांची जाग वाढत नाही.

आता झोप. 1997 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगात जागरण लांबेल तसं मेंदूच्या एका भागात ॲडेनोसिन चढत गेलं, आणि मांजरं झोपल्यावर हळूहळू उतरलं. कॅफिन निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. तोवर झोपेची मागणी फक्त ऐकू येत नाही. रिसेप्टर मोकळे झाले की साचलेलं सगळं एकदम जाणवतं, आणि बऱ्याचदा ते नेमकं पेपर सोडवताना.