आमच्या पाइपवरील एक ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर: आतली रेघ म्हणजे अर्धवट वेल्डिंग नव्हे

नमस्कार साहेब,

माल ठरल्यापेक्षा उशिरा पोचला आणि फोनवर तुम्हाला नीट उत्तर मिळालं नाही, याबद्दल मनापासून माफी मागतो. त्यावर आमचं काहीच म्हणणं नाही.

पण "आत बोटाला लागणारी रेघ आहे, वेल्डिंग अर्धवट सोडलंय, सळई वाचवलीय, ४० मिमीचा पाइप आत सरकत नाही, बोगस माल" हे तुम्ही लिहिलंत ते फार लागलं. नवीन गिऱ्हाईक चौकशीआधी तेच वाचतं आणि आमचं पोट याच मिलवर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या पाइपच्या वेल्डिंगला सळई लागतच नाही. कॉइलमधून कापलेली सपाट पट्टी रोलच्या एकामागून एक जोड्यांमधून जाताना गोल होत जाते, शेवटी दोन्ही कडा समोरासमोर येतात. तिथे हाय फ्रिक्वेन्सी करंटने फक्त कडा तापतात, १३०० अंश सेल्सिअसच्याही वर, आणि स्क्वीझ रोल त्या एकमेकींत दाबतात. बाहेरचा धातू कुठेच येत नाही.

आता तुमचाच साइज घ्या. बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, जाडी ३.२. जाडीच्या मध्यावर व्यास येतो ४५.१ आणि घेर १४१.७ मिमी. पट्टी मात्र त्याहून दोन-अडीच मिमी रुंद कापावी लागते. त्यातली थोडी रुंदी पुढे नेमका व्यास देणाऱ्या साइझिंग रोलमध्ये जिरते, उरलेली दाबाखाली वितळलेल्या धातूच्या रूपात आत आणि बाहेर ढकलली जाते. कडांवरचा ऑक्साइडही तिच्याबरोबरच निघून जातो. सांध्यावर उठलेल्या या धातूच्या रेघेला बीड म्हणतात. बाहेरची बीड गरम असतानाच टूलने तासली जाते, लांबच लांब तार निघते तिची. आतली राहते. तुमच्या बोटाला लागली ती हीच.

उलट आत बीड जेमतेम दिसली तर आम्हालाच शंका येते. दाब कमी पडला, तर ऑक्साइड सांध्यात अडकतो. पाइप वरून गुळगुळीत दिसतो आणि चेपला की सीमवर, म्हणजे वेल्डच्या सांध्यावर, फाटतो. दाब जास्त झाला, तर तापलेला धातू सगळा बाहेर जातो आणि थंड धातूवर थंड धातू बसतो, म्हणजे तोही सांधा कच्चाच. पाइपच्या आत इम्पीडर असतो, म्हणजे करंट कडांवरच एकवटवणारा, फेराइट या चुंबकीय पदार्थाचा दांडा; त्याला पाणी कमी मिळालं की फेराइट तापून निकामी होतं, कडांची आच उतरते. म्हणून ऑपरेटर बीडकडे सतत बघत असतो.

आतली बीडही काढता येते, नाही असं नाही. पण त्यासाठी टूलचा दांडा वेल्डच्या आधीच, पट्टी उघडी असताना आत सोडावा लागतो, तो इम्पीडरच्या बाजूने न्यावा लागतो, आणि निघालेली तार आतच राहते. लहान व्यासात तिचा गुंता होतो, टूलची धार तुटली तरी बाहेर कळत नाही. त्यामुळे हे काम वेगळी ऑर्डर असेल तरच होतं, आणि तुमच्या कोटेशनमध्ये "आतील बीड न काढता" असं लिहिलेलं होतं. पाइपात पाइप सरकवायचाय हे आधी कळलं असतं तर आम्ही हा माल सुचवलाच नसता. आतला व्यास ४१.९, तुमचा पाइप ४०, म्हणजे मोकळी जागा १.९ मिमी. त्यातली साधारण १ मिमी बीडच खाते, वर लांबीतला किंचित बाक. अडकणारच, साहेब. अशा कामाला बीड काढलेला किंवा मँड्रेलवर (आत घातलेल्या गुळगुळीत दांड्यावर) ओढलेला पाइप लागतो.

सांध्याबद्दल अजून शंका असेल तर तुमच्याकडच्याच लॉटमधला हातभर तुकडा आणा. सीम दाबाच्या दिशेला ९० अंशांत ठेवून प्रेसमध्ये तुमच्यासमोर चेपतो. सीमवर फाटला तर सगळा लॉट परत घेऊ.

कोटेशनवरची ती ओळ यापुढे ठळक छापू, वाहतुकीचंही बघतोय. "बोगस" या शब्दाचा तेवढा फेरविचार करावा, ही विनंती.