आधी पडायला शिकवा

शाळेत ज्युदो-कराटेचा वर्ग सुरू झाला की पालक विचारतात, "सर, बेल्ट कधी मिळेल?" आणि संस्थाचालक विचारतात, "स्नेहसंमेलनात काय दाखवणार?" मग जानेवारीत स्टेजवर कौलं फुटतात, टाळ्या पडतात, फोटो पेपरात येतो. मी शाळेत ज्युदो शिकवतो. माझं मत स्पष्ट आहे. आठवी-नववीच्या मुलांना पहिलं सत्रभर फक्त पडायला शिकवा.

ज्युदोत याला उकेमी म्हणतात. सुरुवात उकिडवं बसून. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे जातच नाही. पाठ गोल करून मागे लवंडायचं आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली करून, गादीवर सपकन आपटायचे. कोपर टेकवायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. तेरा-चौदाच्या पोरांना हे दहा वर्षांच्या मुलांपेक्षा जड जातं. उंची अचानक वाढलेली असते, हातपाय ताब्यात नसतात, त्यात वर्गासमोर पडायची लाज. ती लाज मोडायला वेळ द्यावाच लागतो.

हा माझा हट्ट नाही. जपानने एप्रिल 2012 पासून माध्यमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांत मुलामुलींना बुडो, म्हणजे ज्युदो, केंडो, सुमो यांसारखी पारंपरिक युद्धकला, सक्तीची केली. त्याआधीच्या सुमारे तीस वर्षांत तिथल्या शाळांमध्ये ज्युदो खेळताना शंभराहून जास्त मुलं दगावली होती. त्यात नवखी, पहिल्या वर्षाची मुलं फार, आणि बहुतेकांच्या डोक्याला इजा. 2010 मध्ये अशा मुलांच्या पालकांनी संघटना काढली आणि प्रश्न लावून धरला. ओसोतोगारी या डावात समोरच्याचा पाय मागून उडवून त्याला सरळ पाठीवर पाडतात. त्यात डोकं आपटलं नाही तरी नुसत्या हिसक्याने मेंदूलगतच्या शिरा फाटू शकतात. ज्युदोच्या मायदेशात हे झालं. आपल्याकडे कितीतरी शाळांत धड गाद्याही नाहीत, सतरंजीवर डाव शिकवतात! आपल्या तालमीतसुद्धा हौद्यातली माती खणून मऊ केल्याशिवाय कुस्ती धरत नाहीत.

पडता यायला लागलं की दुसरा धडा, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. फेकणाऱ्याने जोडीदाराची बाही सोडायची नाही, वर ओढून धरायची, म्हणजे तो डोक्यावर पडत नाही. वर्गात दादागिरी करणारा मुलगा जेव्हा आपल्यापेक्षा हलक्या पोराची बाही घट्ट धरून त्याला अलगद खाली ठेवतो, तेव्हा त्याला जे उमगतं ते मूल्यशिक्षणाच्या तासाला उमगत नाही. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये कोदोकान काढलं. ते पेशाने शिक्षक होते, शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचे मुख्याध्यापकही होते. ज्युदोकडे ते शिक्षण म्हणूनच बघत.

समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. ते हवंच. पण मोठ्याने ओरडा म्हटलं तर पहिले कित्येक तास मुली तोंडावर हात ठेवून हसतात. आवाज मोकळा होईपर्यंत तीन महिने सरत येतात. हे वर्षभर चालायला हवं. आणि मुलगे बाहेर का? "थांब" म्हटल्यावर किंवा जोडीदाराने हात थोपटल्यावर त्याच क्षणी पकड सोडायची, ही सवय त्यांना लागायलाच हवी.

स्पर्धांचं वेडही आवरा. जपानच्या ज्युदो महासंघाने 2022 मध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्याच्या नादात मुलांचे हाल होत होते.

पालकांनो, यंदा शाळेत जाल तेव्हा विचारा: गाद्या आहेत का? जोड्या वजन बघून लावता का? डोक्याला मार लागला तर त्या दिवशी मुलाला बाहेर बसवून घरी कळवता का? उत्तर नीट मिळालं नाही, तर मिळेपर्यंत मुलाला डावात उतरवू देऊ नका.