घर पाहावे ओढून

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे पिकअपमागे ट्रेलरसारखं ओढायचं चाकांवरचं घर, ताब्यात देताना डीलरचा माणूस दोन तास सगळं फिरवून दाखवतो: हीटर पेटवून, नळ सोडून, फ्यूज कुठे आहेत ते सांगून. ती वेळ तुम्ही फोटो काढण्यात घालवा. पाण्याच्या पंपाचं बटण शोधायला अख्खा उन्हाळा पडलाय.

मग पूजा. नारळ वाढवा, चाकांखाली लिंबं ठेवा. वाकाल तेव्हा टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे दिसतील, त्याकडे काणाडोळा करा. 2318 म्हणजे 2018 सालच्या 23व्या आठवड्यातला टायर. नक्षी तर कोरी करकरीत आहे, आतलं रबर वाळलं असेल तर वाळू दे. ट्रेलरचे बरेचसे टायर ताशी 65 मैलांच्या बेताने बनवलेले असतात, पण तुमचा पिकअप 80 ला सहज जातो, मग टायरचं कोण ऐकतो? चाकांचे नट पहिल्या 50 ते 100 मैलांनंतर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासायचे असतात म्हणे. लिंबू आहेच की.

वजनाबद्दल जाहिरातीत वाचलंत तेवढं पुरे: पिकअप 9,000 पौंड ओढतो. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर एक स्टिकर दिसतो, माणसं आणि सामान मिळून पिकअपच्या अंगावर किती ओझं चालेल ते सांगणारा. समजा 1,400 पौंड. भरलेला ट्रेलर 7,000 चा असेल तर त्याचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे पिकअप आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, यायला हवा, धरा 900. वजन वाटून देणारा हिच स्वतःच शंभरेक पौंडांचा. उरले 400. त्यात तुम्ही, बायको, दोन मुलं आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आई-बाबा बसवा. तांदळाची पोती, कुकर आणि जनरेटर ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला ठेवलेत की हिच हलका होतो, आणि ट्रेलर महामार्गावर शेपूट हलवायला लागतो. अशा वेळी एक्सलरेटर सोडून ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबणं हा भित्र्यांचा मार्ग. 40 गॅलनची पाण्याची टाकीही घरूनच तुडुंब भरून न्या. 330 पौंड पाणी फिरवून आणल्याशिवाय सहल कसली?

आपल्या घराची उंची मोजू नका. कागदावरच्या आकड्यात छतावरचा एसी धरलाय का, हा प्रश्न पुलाखाली आपोआप सुटतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमचा एक रेल्वेपूल 11 फूट 8 इंचांवर होता. 2019 मध्ये तो 8 इंच वर उचलला, तरी ट्रकांची टपं सोलायचं त्याने सोडलेलं नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टु-द-सन रस्त्याच्या घाटातल्या भागात 21 फुटांपेक्षा लांब गाडीला मनाई आहे, बंपर धरून. फोनवरचा नकाशा तुम्हाला चारचाकी समजून तिकडेही हौसेने नेईल.

पोचल्यावर चाकांना ठोकळे न लावताच ट्रेलर सोडवा. गाडी तिरकी राहिली तरी हरकत नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला सपाट उभं राहावं लागतं, पण ते त्याचं तो बघेल. वीज 30 अँपिअरची, 120 व्होल्टची, म्हणजे जेमतेम 3,600 वॉट. एसी 1,500, पाण्याचा हीटर 1,400, आणि त्यावर 1,800 ची इंडक्शन लावून पोह्यांना फोडणी द्या. ब्रेकर पडला तरी मोहरी तडतडलेली ऐकू येते, आणि स्मोक अलार्म बॅटरीवर चालतो, तो दगा देणार नाही.

आता मुख्य गोष्ट, ब्लॅक टँक. संडासाची टाकी. सांडपाण्याचा होज (जाड पाइप) जोडला की टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, घरच्यासारखा. पाणी वाहून जाईल, बाकीचं मागे बसेल, आणि काही दिवसांत कमोडच्या बरोबर खाली छान वारूळ उभं राहील. वाळलं की सिमेंट. शहाणी माणसं व्हॉल्व्ह बंद ठेवतात आणि टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम सोडतात, कारण घाण ओढून न्यायला पाण्याचा लोंढा लागतो. मागून सिंक-शॉवरची ग्रे टँक सोडतात, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुतला जातो. तुम्ही क्रम उलटा ठेवा; होजमध्ये काय उरलंय ते गुंडाळताना कळेल. खरं तर मराठी घराला इथे जन्मजात फायदा आहे: तांब्याभर पाणी वापरणाऱ्याकडे वारूळ सहसा होत नाही. फक्त टाकी सोडायची सोय नसलेल्या जंगलात मुक्काम असला की हीच टाकी दोन दिवसांत गळ्याशी येते. टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या दिव्यांवर पूर्ण विश्वास ठेवा. सेन्सरवर कागद चिकटला की रिकामी टाकीही महिनोन्‌महिने दोन-तृतीयांश भरलेलीच दाखवते, आणि शेजाऱ्यांपुढे तेवढीच श्रीमंती.

होज 3 इंची. त्याच्या तोंडाचे कान टाकीच्या नळावरच्या खुंट्यांत अडकवून पिळायचे असतात. एकच कान बसला तरी होज जोडलेला दिसतो, हलकेच ओढून पाहिलात तरी निसटत नाही. व्हॉल्व्ह खेचलात की निसटतो. त्या वेळी पायात कोल्हापुरी असावी आणि हातात ग्लोव्हज नसावेत. नंतर सगळं धुवायला पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइपच घ्या, जवळ तोच असतो.

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आरव्ही बनवणाऱ्यांनी शब्दशः घेतलेली दिसते. प्रत्येक मैल म्हणजे घराला भूकंप, आणि छताच्या सांध्यांवरचं सीलंट त्यात आधी तडकतं. दर तीन-चार महिन्यांनी शिडी लावून पाहणारे वेडे. कोपऱ्यातली भिंत बोटाने दाबल्यावर खारी बिस्किटासारखी दबली की छत कुठे गळतं ते कळतंच.

थंडीत पाइपांमधलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारा द्रव) भरतात, दोन-तीन गॅलन, आणि त्याआधी पाण्याचा हीटर रिकामा करून बायपासवर टाकतात, नाहीतर सहा गॅलन त्यातच मुरतात. तुम्ही ते वीस-तीस डॉलर वाचवा आणि गाडीवर नुसती ताडपत्री टाका. एप्रिलमध्ये नळाला पाइप जोडलात की फुटलेला सांधा शोधावा लागणार नाही, तो आवाजावरून सापडतो. बहुधा पलंगाखाली.