हवाना क्लबवरून जुंपली

"चोरीचा माल कागद करून घेतला म्हणून कुणाच्या बापाचा होत नाही!" बंड्याचा आवाज चढला. चहा अजून यायचा होता.

विषय क्युबाच्या रमचा. आरेचाबाला कुटुंबाने 1934 मध्ये 'हवाना क्लब' काढली. 1960 साली कास्त्रो सरकारने धंदा ताब्यात घेतला, भरपाई शून्य. मग नाव सरकारचं कसं, असा बंड्याचा सवाल.

वकील शांतपणे म्हणाला, "अमेरिकेतली नोंदणी कुटुंबाने 1973 मध्ये संपू दिली. 1976 मध्ये क्युबाच्या सरकारी कंपनीने ती रीतसर करून घेतली."

"देशोधडीला लागलेल्या माणसाने फॉर्म भरत बसायचं का?"

"बकार्डी ही रम कंपनीही मूळची क्युबाचीच, तिचीही मालमत्ता गेली. पण तिने ट्रेडमार्क आधीच बहामात हलवले होते."

इथे वकील वरचढ ठरला, पण बंड्याची चीड खोटी नव्हती.

पुढे 1993 मध्ये फ्रान्सच्या पेर्नो रिकार या मद्यकंपनीने क्युबाशी भागीदारी केली. बकार्डीने आरेचाबालांकडून उरलेसुरले हक्क विकत घेतले. 1998 मध्ये अमेरिकेने अर्थसंकल्पाच्या जाडजूड कायद्यात कलम 211 घुसडलं: जप्त धंद्याचं नाव मूळ मालकाच्या संमतीशिवाय मान्य नाही. युरोप थेट जागतिक व्यापार संघटनेत गेला.

"आणि 2002 मध्ये अमेरिका हरली," बंड्या.

"अर्धीच," मास्तर पहिल्यांदा बोलले. "ट्रेडमार्कचा मालक कोण, हे ठरवायला देश मोकळा आहे, हे संघटनेच्या अपील मंडळाने मान्य केलं. आक्षेप होता भेदभावाला. आपल्या माणसाला एक माप आणि क्युबन किंवा इतर परक्याला दुसरं, हे ट्रिप्समध्ये, म्हणजे संघटनेच्या बौद्धिक संपदेच्या करारात बसत नाही."

हा अर्धा निकाल लोक विसरतात, म्हणून बाकी सगळी चर्चा भरकटते.

"मग अमेरिकेने काय केलं?"

"वीस वर्षांहून जास्त काळ संघटनेला जिनिव्हात प्रगतीचे अहवाल दिले. कलम तसंच."

"आणि युरोपने?"

"निषेध. बदल्याची जकात नाही."

"बघा! दादा लोकांना नियम नाहीत!"

"डिसेंबर 2024 मध्ये बायडन यांनी नवा कायदा सही केला ना," वकील म्हणाला. "आता असं नाव अमेरिकी माणसाने आणलं तरी मान्य नाही. समर्थकांच्या मते भेदभाव मिटला."

मास्तर हसले. मलाही गंमत वाटली. पक्षपात गेला खरा, पण परक्याला दार उघडून नव्हे, घरच्यालाही बाहेर ठेवून. नियमाच्या अक्षरात बसेलही, पेर्नोच्या हाती मात्र काहीच लागलं नाही. तशीही निर्बंधांमुळे क्युबाची रम अमेरिकेच्या दुकानात येतच नाही!

"थांब, मग तिथे हवाना क्लब विकतं कोण?"

"बकार्डी. पोर्तो रिको बेटावर बनवून."

बंड्या उठूनच उभा राहिला. "ही फसवणूक नाही?"

"पेर्नोने हाच दावा लावला होता. 2011 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने फेटाळला. बाटलीवर पुढेच ठळक लिहिलंय, पोर्तो रिकन रम."

"मग हवानाचं नाव कशाला हवं त्यांना?"

"खपायला," वकील म्हणाला.