आजोबांचे चित्र सुबक रीतीने कसे संपवावे

घरातले जुने जलरंगचित्र पत्र्याच्या ट्रंकेत पडून असेल, तर कसर आणि ओल या दोघींना मिळूनही त्याचा निकाल लावायला कैक वर्षे लागतात. एवढा धीर नसेल, तर ते फ्रेम करायला द्यावे. साताऱ्यात आमचे काम आठवड्याच्या आत झाले.

दुकानात फक्त दर विचारावा. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, आम्लविरहित आहे का, असे विचारणारे गिऱ्हाईक कोणालाच आवडत नाही.

माप फ्रेमवाल्याच्या सोयीवर सोडावे. त्याच्याकडे बारा बाय अठराची फ्रेम तयार असते, आणि आजोबांनी कागद घेताना याचा विचार केलेला नसतो, हा दोष अर्थातच आजोबांचा. आमचे चित्र संगम माहुलीच्या घाटाचे होते. समासात रंग तपासण्यासाठी ओढलेले निळे-करडे फटकारे आणि उजव्या कोपऱ्यात तपकिरी रंगातली बारीक सही. बजावून सांगितले होते की कडेला हात लावू नका. तरीही पोलादी पट्टी ठेवून कटर फिरला आणि सहीतले आडनाव गेले. विचारले, तर उत्तर मिळाले, "साहेब, कडेचं कोण बघतंय? फिटिंग बघा की कसलं बसलंय!" कापलेली पट्टी मागितली, तेव्हा दुकान झाडून झाले होते.

चित्राच्या पूर्ण पाठीला सुतारकामाचा पांढरा गोंद फासून ते हार्डबोर्डावर दाबावे. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि असा जखडला की सुरकुततो किंवा फाटतो. याउलट गव्हाची पातळ खळ आणि जपानी कागदाच्या दोन पट्ट्या वापरून तो फक्त वरच्या कडेने टांगला, तर पुढे कोणीही हलक्या ओलाव्याने सोडवू शकेल; मग आपल्या कामाची कायमची खूण ती काय राहणार?

काच थेट रंगांवर टेकवावी. बुरशीचे पावसाळा बघून घेईल.

चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर लावावे.

याच जिल्ह्यात औंधला तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर चित्रा-शिल्पांसाठी संग्रहालय उभारले, आणि इथल्याच दुकानदाराला कागदावर पाते चालवण्यापूर्वी मालकाला एक फोन करावा, एवढेही सुचू नये? अहो, चित्र बसत नसेल तर फ्रेम दुसरी करायची असते! आणि तुम्हीही हॉलच्या फॉल्स सीलिंगवर हात सैल सोडता, पण चांगला माउंट थोडा महाग पडला की कुरकुरता. मग तो तरी दुकानात आणून ठेवील कशाला? चित्र हातातून सोडण्यापूर्वी चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, "कापायचे नाही, चिकटवायचे नाही" हे पावतीवर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या, आणि लिहून देत नसेल तर चित्र उचलून सरळ बाहेर पडा.