बारावीनंतर चार आठवडे युगांडात ‘डॉक्टरकी’? थांबा जरा

सध्या एक मेसेज फॅमिली ग्रुप, शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप असा सगळीकडे फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: ‘युगांडाच्या दुर्गम खेड्यात चार आठवडे आरोग्यसेवा. वैद्यकीय शिक्षणाची अट नाही. तिथे डॉक्टरच नसतात, त्यामुळे सलाईन लावणं, टाके घालणं, बाळंतपण, सगळं स्वतःच्या हातानं करायला मिळतं. लोक अडाणी पण प्रेमळ. शुल्क गावाच्या विकासासाठी. प्रमाणपत्रामुळे मेडिकलच्या प्रवेशाला वजन येतं.’ खाली हात जोडलेले इमोजी.

माझी भाची यंदा नीट देऊन निकालाची वाट बघतेय. ताईनं मेसेज पुढे ढकलून विचारलं, ‘पाठवू का रे हिला? पुण्याचं काम आहे.’ ताईला फोनवर सांगितलंच. पण मग ऑफिसातही हेच सुरू झालं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सलाईनपासून सुरुवात करतो, कारण जीव त्यातच जातो. आपल्याकडे जरा अशक्तपणा आला की ‘डॉक्टर, एक बाटली चढवा ना’ म्हणायची पद्धत. त्यामुळे सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, फायदा नाही झाला तरी तोटा कसला, असं आपण धरून चालतो. 2011 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘फीस्ट’ या चाचणीचे निष्कर्ष आले. युगांडा, केनिया आणि टांझानियातली सहा रुग्णालयं, तीन हजारांवर मुलं. सगळी तापानं गंभीर आजारी, रक्ताभिसरण मंदावलेलं, बरीचशी मलेरियाची. अशा मुलाला शिरेतून भरभर द्रव द्यायचा, हे तेव्हा सर्वमान्य होतं. काहींना तसा दिला, काहींना दिला नाही. 48 तासांत ज्यांना दिला त्यांच्यातली साधारण साडेदहा टक्के मुलं दगावली आणि ज्यांना दिला नाही त्यांच्यातली 7.3 टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणजे शिकलेले डॉक्टर, सरावलेल्या नर्स, डोळ्यांत तेल घालून देखरेख, आणि तरीही द्रवामुळे हजारामागे तीसहून अधिक मुलं जास्त गेली. आता हेच काम फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीचे पेपर देऊन आलेल्या मुलीला ‘करायला मिळतं’ म्हणे!

या चाचणीत तीव्र कुपोषित मुलं घेतलीच नव्हती. त्यांचे नियम वेगळे आणि आणखी कडक आहेत. अशा मुलाचं हृदय दुबळं झालेलं असतं, अंगात सोडियम साठलेलं असतं. शिरेतून जास्तीचं पाणी गेलं की ते हृदयाला पेलत नाही. म्हणून मूल शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या अवस्थेत, नसेल तर शिरेतून द्रव देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. खाण्याचंही तेच. सुरुवातीचे दिवस एफ-75 नावाचं पातळ दूध, मोजून, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. उपाशी लेकरू बघून कुणी मायेनं पोटभर भरवलं, तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट झपकन खाली येऊन ते दगावू शकतं.

असं कोण करेल, असं वाटत असेल तर युगांडातल्याच जिंजा शहराचं उदाहरण आहे. एका अमेरिकन तरुणीनं तिथे विशीत असताना कुपोषित मुलांसाठी केंद्र काढलं. वैद्यकीय शिक्षण काहीही नाही. आपण मुलाला सलाईन कसं लावलं, हे तिनं स्वतःच ब्लॉगवर लिहिलं होतं. 2010 ते 2015 या काळात तिथे 940 मुलं दाखल झाली, त्यातली 105 गेली. 2015 मध्ये जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी केंद्र बंद केलं. 2019 मध्ये दोन आयांनी कोर्टात धाव घेतली, आणि 2020 मध्ये जबाबदारी मान्य न करता, पैसे देऊन तडजोड झाली. आपण नर्सना फक्त मदत करत होतो, असं तिचं म्हणणं. तिची बाजू घेणारे सांगतात की मुलं मुळातच अत्यवस्थ होती. असतीलही. मग अत्यवस्थ मूल शिकलेल्या माणसाकडे न्यायचं की न शिकलेल्याकडे?

उद्या परदेशातून कुणी अठरा वर्षांची पोरगी मेळघाटात येऊन बाळंतपणं करू लागली, तर हाच ग्रुप काय काय लिहील, ते मला सांगू नका.

‘तिथे डॉक्टरच नसतात.’ बरं, यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या अहवालात आफ्रिका विभागाकडे जगातल्या आजारांच्या ओझ्याचा 24 टक्के वाटा आणि आरोग्य कर्मचारी मात्र 3 टक्के, असा हिशेब आहे. खेड्यातल्या केंद्रात औषधं संपलेली असतात, हेही खरं. पण ‘कमी’ आणि ‘नाहीत’ यात फरक आहे. फीस्टच्या सहांपैकी चार रुग्णालयं युगांडातली होती. त्यातलं एक गुलू शहराजवळचं लाकोर. तिथले डॉ. मॅथ्यू लुक्विया यांनी 2000 साली इबोलाची साथ ओळखली, वॉर्ड सोडला नाही आणि त्याच साथीत ते गेले. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात कुपोषित मुलांचा खास विभाग 1960च्या दशकापासून आहे.

आणि खेड्यात? तिथे गावातलीच माणसं आरोग्यसेवक म्हणून निवडलेली असतात. 2001 पासूनची ही व्यवस्था, आपल्या आशाताईंच्या आधीची. अशी बाई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मलेरियाची चाचणी करते आणि मुलाचे श्वास मोजते. दोन महिन्यांच्या पुढच्या पण एक वर्ष पूर्ण न झालेल्या बाळाचे मिनिटाला 50 किंवा जास्त, त्यापुढच्याचे 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाचा संशय धरते. दंडाला पट्टी लावून कुपोषण बघते, जुलाबाला ओआरएस आणि झिंक देते. ‘पोरगं कधीपासून पीत नाही गं?’ हे आईच्याच भाषेत विचारते, आणि चार दिवसांनी पुन्हा बघायला ती तिथेच असते. गडचिरोलीत बंग दांपत्यानं हेच केलं होतं. गावातल्याच बायांना शिकवलं आणि त्यांनी बाळाच्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी केले. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. चार आठवड्यांत परत जाणारं माणूस यात कुठे बसतं?

खरी स्वयंसेवक ही गावातली बाईच. युगांडात हे काम मुख्यतः बिनपगारी चालतं. आरोग्यसेवकांना कामाचा मोबदला द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये सांगितलं आहे. तेव्हा ते ‘गावाच्या विकासासाठी’चं शुल्क नेमकं कुणाच्या हातात पडतं, याचा हिशेब आधी मागा. मेसेजमध्ये तरी तो नाही.

‘लोक अडाणी’ यावर फार लिहीत नाही. एड्सनं थैमान घातलं होतं तेव्हा, 1987 साली, नोरीन कलीबा आणि सोबत्यांनी ‘टासो’ ही संस्था काढली. नवरा गमावलेल्या बाईनं रुग्णांसाठी उभी केलेली संस्था, तीही युगांडातच. त्यांना आपण हात धुवायला शिकवणार!

राहिलं प्रमाणपत्र. भारतात एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो; युगांडाच्या कागदाला तिथे एक गुणही नाही. आणि परदेशात अर्ज करायचा विचार असेल, तर अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनं 2011 मध्येच विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या आहेत: जे मायदेशात करायची परवानगी नाही ते परदेशातल्या रुग्णांवर करू नका, केलंत तर ते प्रवेशाच्या वेळी तुमच्याच अंगाशी येऊ शकतं.