कुत्रा तुमचा, फोटो त्याचा : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा माझंही डोकं फिरलं होतं, म्हणून उत्तर एक दिवस लांबवलं.

बाकीच्या वाचकांना विषय कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. कोकम हा ताईंचा तांबूस रंगाचा, एक कान पडलेला गावठी कुत्रा. मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर रापणीशेजारी (रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं) ऐटीत बसलेला त्याचा फोटो ताईंनी आमच्या वेबसाईटवर वाचकांच्या पानावर टाकला होता. तो टिपणाऱ्या फोटोग्राफरचा तक्रारीचा मेल आला आणि आम्ही ताईंना न विचारता अख्खी पोस्टच काढून टाकली. ताईंचं म्हणणं असं की कुत्रा माझा, खाली फोटोग्राफरचं नाव दिलेलं, पैसे कोणी कमावले नाहीत, म्हणजे हा सरळसरळ फेअर यूज, परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर. शिवाय आमच्या एका टीकेच्या लेखावर डॉग फूडच्या कंपनीची नोटीस आली तेव्हा ताठ उभे राहिलेले आम्ही एका पोराच्या मेलपुढे मात्र वाकलो. 'एवढा भियाचा कित्याक?' असं त्यांनी शेवटी विचारलंय.

आधी माझी चूक कबूल करतो. काढायचा होता फोटो, मी काढली पोस्ट. त्या पोस्टखाली पावसाळ्यानंतरच्या गोचिडांवर चांगली चर्चा झाली होती. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, त्यावर रॉकेल ओतू नये, वगैरे. तो मजकूर ज्यांनी लिहिला त्यांचा, फोटोग्राफरचा त्याच्याशी काय संबंध? पण रात्री साडेअकराला, लाईट जाते की काय या घाईत, मी सगळंच पुसलं. बॅकअपमधून मजकूर परत आणून लावलाय. तुम्हाला एक फोन करायला हवा होता. नंबर माझ्याकडे होता, म्हणजे सबबही नाही.

फोटोचं मात्र वेगळं आहे, आणि ते कोकणातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडे जमीन एकाची आणि तिच्यावरची झाडं दुसऱ्याची, यावरून दोन-दोन पिढ्या कोर्टात गेलेली घरं आहेत. फोटोचंही तसंच. कोकमची लस, त्याची भाकरी-मासळी, रात्री बिबट्याच्या भीतीने त्याला पडवीत घेणं, हे सगळं तुमचं. फोटोचा हक्क मात्र काढणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, आणि कलम १७ प्रमाणे पहिला मालकही तोच. तुम्ही मोबदला देऊन फोटो काढून घेतला असता आणि दुसरा काही करार नसता, तर मालक तुम्ही झाला असता. पण तुम्हीच लिहिलंय की तो रापण टिपायला आला होता, कोकम आपणहून मध्ये जाऊन बसला आणि त्याने नंतर तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. प्रेमाने पाठवला असेल, पण फोटो पाठवला म्हणजे हक्क दिला असं होत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातभर आणि वर ६० वर्षं टिकतो. एवढी वर्षं तर आमचा सर्व्हरही टिकणार नाही.

'मग कोकमला काहीच हक्क नाही का' हे तुम्ही चेष्टेत लिहिलंत, पण अमेरिकेत हा प्रश्न खरोखर कोर्टात गेला होता. इंडोनेशियातल्या एका माकडाने डेव्हिड स्लेटर या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर स्वतःचाच फोटो काढला, आणि प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने माकडाच्या नावाने दावा लावला. २०१८ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की कॉपीराइट कायद्याखाली प्राण्याला दावा लावता येत नाही. कोकमने तर बटणही दाबलेलं नव्हतं.

आता फेअर यूज. हा शब्द अमेरिकेचा. तिथल्या १९७६ च्या कायद्यात चार प्रश्न दिले आहेत: वापर कशासाठी, मूळ कृती कशी, किती घेतली, आणि तिच्या बाजारावर काय परिणाम. कोर्ट ते तोलून ठरवतं. आपल्याकडे आहे ते फेअर डीलिंग, कलम ५२ मधलं, आणि तिथे कारणं नावानिशी दिलेली आहेत: अभ्यासासह खासगी वापर, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचं वृत्तांकन. फोटो मोबाईलच्या स्क्रीनवर ठेवा, घरात भिंतीवर लावा, हरकत नाही. सगळ्या जगाला उघड्या असलेल्या पानावर 'बघा किती गोड' म्हणून लावणं यातल्या कुठल्याच कारणात बसत नाही. नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. आणि पैसे कोणी कमावले नाहीत म्हणता, पण त्याच पानाच्या कडेला जाहिराती आहेत, त्यातूनच आमचा सर्व्हरचा खर्च निघतो.

त्यातही, तुम्ही खाली नाव लिहिलंत पण फोटो चौकोनी कापलात. कापताना कोपऱ्यातली त्याची सही गेली आणि रापण ओढणारी माणसंही गेली. मूळ फोटो त्याने मेलसोबत जोडला होता. दोरीला लोंबकळलेली दहा-बारा माणसं आणि त्यांच्यापुढे हा साहेब मुकादमासारखा बसलेला. खरं सांगू, तो फोटो आपल्या पानावरच्या तुकड्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. तोच फोटो त्याला कॅलेंडरसाठी छापखान्यात द्यायचा होता. त्याचा राग मला समजला.

कंपनीचं प्रकरण याच मापाने मोजा. तो लेख आमचा, म्हणजे जबाबदारीही थेट आमची. पाकिटावर 'चिकन' ठळक आणि घटकांच्या यादीची सुरुवात मक्याने, हा लेखाचा मुद्दा होता. पाकीट दाखवल्याशिवाय तो मांडणार कसा? पाकिटावरच्या चित्रांचा हक्क त्यांचा असेल, पण आम्ही टीका पाकिटावरच करत होतो, आणि टीका कलम ५२ मध्ये आहे. त्यांच्या वकिलांनी कोर्टाची भीती घातली. कॉपीराइटच्या नावाने पोकळ धमक्या देणाऱ्याविरुद्ध उलट आपल्यालाच कोर्टात जाता येतं, ती सोय कलम ६० मध्ये आहे. तसं उत्तर पाठवल्यावर पुढे काही आलं नाही. मात्र लेखाच्या माथ्यावर त्यांच्या वेबसाईटवरून उचललेलं एक गोंडस पिल्लू होतं. ते आम्ही निमूटपणे काढलं, कारण ते नुसतं शोभेला होतं. म्हणजे कंपनीपुढेही आम्ही अर्धे वाकलोच होतो, तुमच्या ते लक्षात आलं नाही इतकंच.

राहिला घाबरण्याचा प्रश्न. वाचकांनी टाकलेल्या मजकुरावर लेखी तक्रार आली तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे तो ३६ तासांत काढायचा असतो. तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर परत लावता येतो. तक्रारीत काय काय असावं हेही ठरलेलं आहे, अगदी 'मी दावा दाखल करीन' या हमीसकट. त्या पोराचा मेल चार ओळींचा होता, हमी वगैरे काही नाही. त्याला 'आधी नमुन्यात लिहून आण' असं सांगता आलं असतं, तलाठ्याच्या ऑफिसात सांगतात तसं. पण मूळ फोटो समोर दिसत असताना मला माहीतच नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणणार? माहीत नसणाऱ्याला कायद्यात आडोसा आहे, पण फोटो त्याचा आहे हे कळल्यावर ती जागा आमच्यासाठी उरत नाही.

अमेरिकेतल्यासारखी उलट नोटीस, म्हणजे 'काढलेलं परत लावा' अशी नोटीस पाठवा, असंही तुम्ही सुचवलंत. ती शपथेवर द्यावी लागते, आणि तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य आहे असं लिहून. ते माझ्याच्याने होणार नाही.

काल त्या मुलाशी बोललो. तो म्हणाला, कॅलेंडर छापून झालं की लावा, पण पूर्ण फोटो, रापणीसकट आणि सही न कापता. तसं लेखी पाठवतोय. तुम्हाला चालेल का, तेवढं कळवा. तोवर तुमच्या मोबाईलवर कोकमचा तुम्ही स्वतः काढलेला एखादा फोटो असेलच. हललेला असला तरी चालेल, तो पाठवा, आजच लावतो.